लाट कुणाच्या हातची?

‘हँड-पेंटेड’ जपानी चित्र घरात लावायचंय? मग आधी शेन्झेनच्या गल्लीपासून ओबुसेच्या देवळापर्यंत एक चक्कर माराच!

ती लाट तुम्ही पाहिलीय. नाव माहीत नसेल, पण पाहिलीय नक्की. निळीशार, पंजा उगारून अंगावर येणारी, खाली तीन होड्यांमध्ये जीव मुठीत धरून बसलेली माणसं आणि मागे एवढुसा फुजी. कॉफी शॉपच्या भिंतीवर, टी-शर्टवर, मोज्यांवर, शेजारच्या क्युबिकलमधल्या डिझायनरच्या लॅपटॉपवर. जुलै 2024 पासून तर जपानच्या हजार येनच्या नोटेवरही तीच आहे. कात्सुशिका होकुसाईनं ती 1831 च्या सुमारास काढली तेव्हा तो सत्तरीचा होता. (आपण तिशीतच ‘आता काय नवीन शिकणार’ म्हणून उसासे टाकतो. असो.)

नवा फ्लॅट घेतलेल्या मंडळींचा एक कॉमन प्रॉब्लेम असतो. सोफ्यामागची रिकामी भिंत. पोस्टर लावायचं वय निघून गेलेलं असतं आणि ओरिजिनल पेंटिंगचं बजेट ईएमआयनं खाल्लेलं असतं. अशा वेळी इंटरनेटवर एक सॉलिड पर्याय सापडतो, ‘हँड-पेंटेड रिप्रॉडक्शन’. होकुसाईची लाट, हिरोशिगेचा पाऊस, उतामारोच्या सुंदऱ्या, सगळं कॅनव्हासवर, तैलरंगात, हव्या त्या साइजमध्ये. प्रिंट नाही बरं का, हातानं रंगवलेलं! बाणेरला राहणारी माझी एक मैत्रीण या ‘हातानं’वर जाम फिदा झाली होती. मी निघाले तेव्हा म्हणाली, “अगं, तू तिकडे चाललीच आहेस तर बघून ये ना, हे खरं असतं का?”

‘तिकडे’ म्हणजे चीन की जपान, हे तिला सांगता आलं नाही. मी दोन्हीकडे जाऊन आले.

गल्लीत वाळत घातलेले समुद्र

शेन्झेन मेट्रोच्या लाइन 3 वर दाफेन नावाचं स्टेशनच आहे. बाहेर पडून थोडं चाललं की टर्पेंटाइनचा वास यायला लागतो. दाफेन हे एके काळचं साधं खेडं, जेमतेम 0.4 चौरस किलोमीटरचं. 1989 साली ह्वांग जियांग नावाचा हाँगकाँगचा चित्र-व्यापारी वीसेक चित्रकार घेऊन इथे आला. भाडं स्वस्त, हाँगकाँग जवळ, आणि अमेरिका-युरोपातल्या हॉटेलांना, सुपरमार्केटांना, घरांना तैलचित्रं हवीच होती. पुढे इथे हजारो चित्रकार झाले. जगात विकल्या जाणाऱ्या तैलचित्रांपैकी निम्म्याहून जास्त दाफेनमधून जातात, असं तेव्हा सांगितलं जायचं.

2008 च्या मंदीनं या ऑर्डरींना चांगलाच फटका दिला. त्यानंतर गिऱ्हाईक बरंचसं देशातलंच झालं आणि स्वतःची चित्रं काढणारेही वाढले. पण गल्ल्या अजून तशाच आहेत. दोन इमारतींच्या मधल्या बोळात भिंतीवर ओळीनं कॅनव्हास टांगलेले, समोर प्लास्टिकच्या स्टुलावर चित्रकार, शेजारी जेवणाचा डबा. एका भिंतीवर मला लाट दिसली. एक नव्हे, चार. दोन पूर्ण, एकीचा फेस राहिलेला आणि चौथीत नुसतंच आकाश. चित्रकार चारीवर आलटून पालटून काम करत होता. निळा रंग पॅलेटवर घेतलाय तर चारी ठिकाणी लावून मोकळा. यात बुद्धी आहे, आणि हातही सुरेख. मी थांबलेली बघून त्यानं विचारलं तेही एकच, किती बाय किती हवं?

आता हे खरं असतं का? हो, हातानंच असतं. खांद्यातून, मनगटातून येणारं काम आहे, मशीनमधून नाही. पण जवळ जाऊन बघितलं की गंमत कळते. होकुसाईची लाट सपाट आहे. रेघ आणि रंगाचा पट्टा, बस्स. तैलरंगात मात्र ब्रश लाटेला फुगवतो, छाया देतो, फेसाला जाडी येते. मागचं शांत आकाश ढगाळ होतं. मूळ लाट कागदावर फक्त 25 बाय 37 सेंटीमीटरची, म्हणजे ए-थ्रीपेक्षाही लहान. इथे ती सोफ्याच्या मापाची होते. वाईट दिसते का? अजिबात नाही. फक्त ते होकुसाईचं चित्र वाचून कुणीतरी काढलेलं दुसरं चित्र असतं.

आणि हा उद्योग करणारे दाफेनवाले काही पहिले नव्हेत. 1887 साली पॅरिसमध्ये एका कफल्लक डच चित्रकारानं हिरोशिगेच्या दोन छापील चित्रांवरून दोन तैलचित्रं रंगवली. एक आलुबुखाराच्या फुललेल्या बागेचं, दुसरं पुलावरच्या पावसाचं. रंग भडक केले आणि भोवतीच्या पट्टीत जपानी अक्षरं भरली, जी त्याला वाचता येत नव्हती, दुसऱ्या प्रिंटवरून बघून उतरवलेली. व्हॅन गॉगच तो. ‘हँड-पेंटेड रिप्रॉडक्शन ऑफ जपानी वुडब्लॉक’ या प्रकारातलं त्याचं काम आज अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये आहे. दाफेनमध्ये सर्वांत जास्त कॉपी होणाऱ्यांपैकी एक कोण? तोच. होकुसाईची सही उतरवणाऱ्या दाफेनच्या चित्रकाराला ती अक्षरं निदान वाचता तरी येतात. चिनीच आहेत ना!

‘चायनाज व्हॅन गॉग्ज’ नावाची 2016 ची डॉक्युमेंटरी मिळाली तर बघा. झाओ शियाओयोंग हा दाफेनचा चित्रकार वीस वर्षं व्हॅन गॉग रंगवतो आणि पैसे साठवून अ‍ॅमस्टरडॅमला जातो. तिथे त्याला कळतं की त्याची चित्रं गॅलरीत नाहीत, सुव्हेनियरच्या दुकानात आहेत, आणि त्याला मिळणाऱ्या पैशांच्या कितीतरी पट किमतीला. त्याचा तो चेहरा बघितल्यावर वेबसाइटवरचं ‘हँड-पेंटेड’ वाचताना पहिला प्रश्न पडतो, कुणाचा हँड? त्याचं नाव तुमच्या हॉलपर्यंत कधीच पोहोचत नाही.

मूळ चित्र भुशात गेलं

तोक्योत यामानोते लाइनवर मेजिरो स्टेशन आहे. शिंजुकूच्या झगमगाटापासून तीनच स्टेशनं पुढे, पण वातावरण एकदम आपल्या प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्यांसारखं. शांत, झाडं, बंगले. इथून दहाएक मिनिटं चाललं की आदाची हांगा ही संस्था लागते. 1928 पासून हे लोक जुनी उकियो-ए चित्रं पुन्हा नव्यानं कोरून, जुन्याच पद्धतीनं छापतात. आत शोरूम आहे आणि एका टेबलावर तीच लाट. काचेशिवाय, हातात घेऊन बघता येईल अशी.

इथे एक फंडा क्लिअर करून घ्यायला हवा, कारण सगळी गोची तिथेच आहे.

चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेघांत चित्र काढायचा. तो कागद डोंगरी चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवला जायचा आणि कोरक्या त्या रेघांच्या आजूबाजूचं लाकूड कोरून काढायचा, कागदासकट. म्हणजे होकुसाईच्या स्वतःच्या हातानं काढलेली लाट पहिल्याच फेरीत भुशाबरोबर गेली. जगातल्या कुठल्याही म्युझियममध्ये ती नाही. जी आहेत ती सगळी छापलेली, आणि छापणाराही होकुसाई नव्हे. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि या सगळ्यांना कामाला लावणारा, पैसे गुंतवणारा प्रकाशक वेगळा. लाटेचा प्रकाशक होता निशिमुराया योहाची. दाफेनला आपण नाक मुरडून ‘फॅक्टरी’ म्हणतो खरं, पण काम वाटून घेण्यात एदोवाले (म्हणजे जुनं तोक्यो) फॅक्टरीचे बापच होते!

किंमतही तशीच. एक प्रिंट साधारण दोन वाट्या सोबा नूडल्सच्या भावात मिळायची. बर्लिनहून आलेला नवा प्रशियन ब्लू तेव्हा भलताच इन होता, त्यामुळे या फुजीच्या मालिकेला मागणी आली. नाव ‘फुजीची छत्तीस दृश्यं’, पण खपलं म्हणून आणखी दहा काढून सेहेचाळीस केली. सीक्वेलचा मोह काही आजचा नाही. ठशाची झीज होईपर्यंत छापत राहायचे. म्हणून तर जाणकार लाटेच्या डावीकडची मजकुराची चौकट निरखून बघतात. तिची रेघ तुटलेली असेल तर ती नंतरची प्रत. लाटेच्या जुन्या प्रती आज शंभरावर माहीत आहेत, आणि त्यातली एक 2023 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 27 लाख डॉलरहून जास्तीला गेली. दोन वाट्या नूडल्स!

मेजिरोतलं काम मी उभ्या उभ्या अर्धा-पाऊण तास बघितलं असेल. छापणारा मांडी घालून बसतो, समोर उतरतं लाकडी बैठं टेबल. ठशावर पाण्यातला रंग आणि थोडी खळ, घोड्याच्या केसांच्या ब्रशनं झरझर पसरवायची. ओलसर कागद ठशाच्या कोपऱ्यात कोरलेल्या खाचेत बसवायचा. या खाचेला केन्तो म्हणतात, तिच्यामुळे प्रत्येक रंग नेमका आपल्या जागी पडतो. मग बांबूच्या सालीत गुंडाळलेली चपटी गादी, बारेन, पाठीवर दाबून घासायची. कागद उचलला की रंग कागदाच्या वर नसतो, आत असतो. हा फरक फोटोत दिसत नाही, बोटांना कळतो. हा कागद एचिझेनचा, कोझो नावाच्या झाडाच्या सालीच्या धाग्यांपासून हातानं बनवलेला होशो. जाड, मऊ आणि इतका दणकट की पुन:पुन्हा घासला तरी तक्रार करत नाही.

आणि आकाशाची ती वरून खाली विरत जाणारी छटा? तिला बोकाशी म्हणतात. ती ठशात कोरलेली नसते. प्रत्येक प्रतीच्या वेळी छापणारा ओल्या ठशावर ब्रशनं रंग नव्यानं विरवतो. शंभर प्रती म्हणजे शंभर वेळा. आता सांगा, ‘हातानं केलेलं’ कशाला म्हणायचं?

माझं मत विचाराल तर लाटेच्या जास्त जवळ मेजिरोचा कागद आहे, दाफेनचा कॅनव्हास नव्हे. जुना नाही म्हणून तो ‘नकली’ ठरत नाही, कारण ही कला मुळात नव्यानं छापण्यासाठीच जन्मली. किंमत येनमध्ये पाच आकडी. स्वस्त नाही, पण फोनच्या एका अपग्रेडपेक्षा नक्की कमी. यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिथे भावनेपेक्षा हिशोब मोठा आहे. केसाइतकी बारीक रेघ कोरायला शिकण्यात उमेदीची वर्षं जातात. खरी, जुन्या धाटणीची बारेन बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. नवीन मुलं तयार व्हावीत म्हणून आदाचीनं 1994 मध्ये वेगळं फाउंडेशन काढलं, आणि हातांना आजचं काम मिळावं म्हणून आजच्या चित्रकारांची चित्रंही ते कोरतात. यायोई कुसामाच्या फुजीवरचे हजारो ठिपके तिथल्या कोरक्यानं एकेक करून कोरलेत. म्युझियम जुना कागद सांभाळू शकतं. हात सांभाळायचे तर कुणीतरी नवा कागद विकत घ्यावा लागतो.

म्युझियमसुद्धा कॉपी लावतं

रयोगोकु हा सुमो पैलवानांचा एरिया. स्टेशनवरून थोड्याच अंतरावर सुमिदा होकुसाई म्युझियम आहे, काझुयो सेजिमानं डिझाइन केलेली, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेली चकचकीत इमारत. 2016 साली उघडली. होकुसाई याच भागात जन्मला आणि जवळपास आयुष्यभर इथेच घरं बदलत राहिला. एकूण 93 वेळा, म्हणतात! (घरमालकांनी त्याचं डिपॉझिट परत दिलं असेल का?) आत त्याच्या खोलीचा देखावा आहे. पाठीवर गोधडी ओढून जमिनीवर वाकून चित्र काढणारा म्हातारा आणि शेजारी त्याची मुलगी ओई, तीही उत्तम चित्रकार. पुतळ्याचा हात हलतो तेव्हा क्षणभर दचकायला होतं.

पण खरी दचकण्याची गोष्ट पुढे. कायमच्या दालनातली बहुतेक चित्रं प्रतिकृती आहेत. तसं लिहिलेलंच आहे, कुणी लपवत नाही. कारण साधं आहे. हे रंग उजेडात उडतात. म्हणून अस्सल प्रती थोड्या दिवसांसाठी बाहेर येतात आणि परत अंधारात जातात. हाराजुकूच्या गर्दीमागे लपलेलं ओता म्युझियमही याच कारणानं आपलं प्रदर्शन सारखं बदलत असतं. म्हणजे ज्यांच्याकडे खरी आहे तेही भिंतीवर कॉपी लावतात, आणि आपण वन बीएचकेत लाजायचं!

जिम्बोचोला मात्र वेळ काढून जा. पुस्तकवेड्यांचा हा मोहल्ला आपल्या अप्पा बळवंत चौकाचा थोरला भाऊ शोभावा असा. काही दुकानांत जुन्या प्रिंट्सचे गठ्ठे असतात आणि त्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुन्हा कोरून छापलेल्या प्रतीही सापडतात. चाळता चाळता योशिदा हिरोशी हे नाव दिसलं तर थांबा. हा चित्रकार 1930-31 मध्ये भारत फिरून गेला आणि परत जाऊन त्यानं ताजमहाल, वाराणसीचे घाट आणि चक्क आपला अजिंठा लाकडी ठशांतून छापला. चित्रात योशिदाची सही असते, पण डावीकडच्या समासात ‘जिझुरी’ असा शिक्का आहे का ते पाहा. म्हणजे छपाई त्यानं स्वतःच्या देखरेखीखाली करून घेतलेली. औरंगाबादच्या एसटी स्टँडवरून अजिंठ्याला जाताना हे चित्र कधी कुणी मला दाखवलं नव्हतं, आणि ते भेटलं तोक्योत, धूळ खात.

घेऊन आलात तर एक ऐका. सोफ्यामागची भिंत विसरा. ही चित्रं मुळात भिंतीसाठी नव्हतीच, लोक ती हातात धरून बघायचे. त्यामुळे ती जवळून दिसतील तिथे लावा. कामाच्या टेबलासमोर, पुस्तकांच्या शेल्फमध्ये, दाराजवळच्या अरुंद भिंतीवर. थेट ऊन नको. अ‍ॅसिड-फ्री माउंट मागा, फ्रेमवाला ‘सगळे सारखेच असतात मॅडम’ म्हणेल, ऐकू नका. चित्र काचेला चिकटता कामा नये. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या भिंतीवर तर अजिबात नको, बुरशीला जपानी कागद फार आवडतो. आणि ती मोठी भिंत भरायचीच असेल तर दाफेनची लाट खुशाल घ्या. फक्त पाहुण्यांना ‘ओरिजिनल’ सांगू नका, आणि जमलं तर रंगवणाऱ्याचं नाव मागून मागच्या बाजूला लिहून घ्या. मैत्रिणीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे दोन घ्यायला लागणार!”

हातानं काढलेली लाट

होकुसाईनं स्वतःच्या हातानं रंगवलेली लाट जगात आहे. पण तिच्यासाठी तोक्यो सोडावं लागतं. शिनकानसेननं नागानो, साधारण दीड तास. तिथून नागानो देन्तेत्सु या खासगी कंपनीच्या छोट्या गाडीनं अर्धा तास, खिडकीत सफरचंदाच्या बागा. ओबुसे.

ओबुसे हे चेस्टनटचं गाव आहे. चेस्टनटचा भात, चेस्टनटची मिठाई, चेस्टनटचं आइस्क्रीम, रस्त्यावरच्या पायवाटासुद्धा चेस्टनटच्या लाकडाच्या. इथल्या ताकाई कोझान या श्रीमंत, विद्वान व्यापाऱ्यानं ऐंशी ओलांडलेल्या होकुसाईला गावात आणून ठेवलं. तोक्योहून दोनशेच्या वर किलोमीटर, तेव्हा चालत. आणि म्हातारा एकदा नाही, पुन:पुन्हा आला.

गावाबाहेरच्या गान्शोइन देवळाच्या छतावर त्याचा प्रचंड फिनिक्स आहे, 1848 चा. पूर्वी लोक जमिनीवर आडवे पडून बघायचे, आता बसून बघावं लागतं. फोटोला बंदी. मान दुखेपर्यंत बघत राहा, रंग अजून ओला वाटतो.

लाटा आहेत त्या होकुसाई-कान या म्युझियममध्ये. गावच्या उत्सवातल्या रथाच्या छतासाठी 1845 साली रंगवलेल्या दोन चौकोनी फळ्या, प्रत्येकी जवळपास 120 सेंटीमीटरच्या. एकीचं नाव पुरुष-लाट, दुसरीचं स्त्री-लाट. होड्या नाहीत, फुजी नाही, माणूस नाही. निळं-काळं पाणी आतल्या आत गरगरत जातं आणि फेसाचे ते ओळखीचे पंजे चारी बाजूंनी मध्याकडे झेपावतात. भोवतीच्या सोनेरी पट्टीत पक्षी, प्राणी, फुलं आणि, विश्वास बसणार नाही, पंख असलेली एक परी. पट्टीचे रंग कोझाननं भरले असं सांगतात. म्हणजे इथेही दुसरा हात आहेच!

मी गेले तो साधा मंगळवार होता, दालनात आम्ही तिघंच. एक आजोबा पाठीवर हात बांधून रथाखाली उभे होते, मान वर करून, बराच वेळ. त्यांच्यासोबतच्या आजीबाई मात्र बाकावर बसून पिशवीतली चेस्टनटची मिठाई मोजत होत्या.

नागानोची गाडी दर वीस-तीस मिनिटांनी असते, पण संध्याकाळी कमी होतात. वेळ आधी बघून ठेवा. ऑक्टोबरात गेलात तर नव्या चेस्टनटसाठी रांगा असतात, तेव्हा सकाळी लवकर पोहोचा आणि आधी लाटा बघून घ्या.